चव गेली की चटक गेली?

या वेळचं पत्र थोडं कापून देतेय, पण शब्द त्यांचेच आहेत.

"ताई, नमस्कार. वय 43, नाशिकजवळ एमआयडीसीत शिफ्टमध्ये कामाला आहे. पंधरा वर्षं प्यायलो, शेवटची पाच-सहा वर्षं रोज, क्वार्टरवरून हाफवर कधी गेलो कळलंच नाही. डिसेंबरात सायकियाट्रिस्टकडे गेलो, आधी दहा दिवस अ‍ॅडमिट ठेवलं, मग नॅल्ट्रेक्सोन 50 ची गोळी चालू केली. बायको रोज सकाळी चहाबरोबर हातावर ठेवते. गोळी चालू असताना दोनदा मित्रांबरोबर बसलो, पण मजाच आली नाही, अर्धा ग्लास तसाच ठेवून उठलो, आयुष्यात पहिल्यांदा. पण ताई, बाकीची मजा पण गेली. होळीला पुरणपोळी तुपात बुडवून खाल्ली, कागद चावल्यासारखी लागली. भजनी मंडळात टाळ वाजवतो, तिथेही नुसते हात हलतात. मित्र म्हणाला या गोळीने मेंदूतला आनंदाचा स्विचच बंद होतो. म्हणून गेले बारा दिवस गोळी जिभेखाली धरतो आणि बेसिनमध्ये थुंकतो. बायकोला माहीत नाही. चव अजून आलेली नाही. गोळी कायमची सोडू का? त्यात आता कंबर धरलीय, मेडिकलवाल्याने दिलेल्या गोळ्यांवर ड्युटी करतोय. — बेचव"

बेचवदादा,

आधी तुमचं शेवटचं वाक्य घेते, ते कंबरेचं. तुम्ही ते जाता जाता टाकलंय पण मी वाचताना तिथेच अडकले. त्या गोळ्यांची स्ट्रिप आत्ता उलटी करा आणि मागे काय छापलंय ते वाचा. नुसतं पॅरासिटामॉल किंवा डायक्लोफिनॅक असेल तर मी म्हणतेय तो धोका नाही. पण ट्रामाडॉल लिहिलं असेल, आणि ते पुष्कळदा पॅरासिटामॉलबरोबर एकाच गोळीत असतं, तर माझं हे उत्तर वाचून अपराधी वाटून उद्या सकाळी बायकोसमोर नॅल्ट्रेक्सोन गिळून टाकू नका. ट्रामाडॉल हे अफूच्याच खानदानातलं काम करणारं औषध आहे, 2018 पासून एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे, चिठ्ठीशिवाय मिळायलाच नको खरं तर. ते अंगात असताना नॅल्ट्रेक्सोन गेलं की उलट्या, जुलाब, घाम, थरथर, सगळं एकदम सुरू होऊ शकतं. साधारण सात ते दहा दिवस अंगात असलं काही नाही अशी खात्री झाल्यावरच डॉक्टर ती गोळी देतात. तेव्हा आधी स्ट्रिपचा फोटो काढून डॉक्टरला पाठवा, मग बाकीचं वाचा.

मी डॉक्टर नाही हे या सदरात दर वेळी सांगते, फार्मसीच्या पोरांना बावीस वर्षं फार्माकॉलॉजी शिकवलं एवढंच. पण तुमचं पत्र नेमकं त्याच धड्यातलं आहे जो शिकवताना मला स्वतःला मजा यायची.

आपल्या भाषेत दोन शब्द आहेत, चव आणि चटक. चव म्हणजे तोंडात पडल्यावर जे बरं वाटतं ते. चटक म्हणजे तोंडात पडायच्या आधीच जीव कासावीस होतो, पाय आपोआप तिकडे वळतात, ते. "तंबाखूला चव कसली हो, चटक लागलीय नुसती" असं लोक सर्रास म्हणतात आणि त्यात कुणाला काही विचित्र वाटत नाही. मेंदूवाल्यांना मात्र हे पटायला बराच काळ गेला, आणि पटवलं ते उंदरांनी.

अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात केंट बेरिज म्हणून आहेत. उंदराला कसं लागलं ते विचारता येत नाही, पण जिभेवर साखरेचं पाणी पडलं की तो ओठ चाटतो, अक्षरशः मिटक्या मारतो, आणि कडू क्विनाइन पडलं की तोंड वासून डोकं झटकतो. तान्ही बाळंसुद्धा गोडाला आणि कडूला असंच तोंड करतात (म्हणून वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवून बघू नका, ते धोक्याचं आहे, साखरेचं पाणीसुद्धा दवाखान्यात टाचेला सुई टोचताना दोन थेंब देतात तेवढंच). तर त्या काळी सगळे धरून चालले होते की डोपामिन हे मेंदूतलं रसायन म्हणजे आनंद. बेरिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या मेंदूतलं डोपामिन जवळजवळ संपवून टाकलं. उंदीर जागचे हलेनात, समोर अन्न असून उपाशी मेले असते, नळीने भरवावं लागायचं. पण जिभेवर साखर सोडली की मिटक्या तशाच्या तशा! चव शाबूत, चटक गायब.

मग मिटक्या कुणाच्या जोरावर? इथे तुमची गोळी ज्यांच्याशी खेळते ते ओपिऑइड रिसेप्टर येतात. ओपिऑइड म्हणजे अफूच्या जातीची रसायनं, आणि रिसेप्टर म्हणजे पेशीवरची त्यांची बसायची जागा समजा. 1973 साली बाल्टिमोरमध्ये कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी मेंदूत या जागा दाखवल्या, त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये आणि स्वीडनमध्येही दुसऱ्या लोकांना त्या सापडल्या. आणि मग सगळ्यांना एकच प्रश्न पडला, की अफूच्या बोंडातल्या चिकासाठी माणसाच्या डोक्यात जागा राखून ठेवलीय कुणी आणि कशाला? अर्थातच ती अफूसाठी नव्हती, आपलं शरीर स्वतःच तसलं काहीतरी बनवत असणार. ते काहीतरी 1975 मध्ये स्कॉटलंडच्या अ‍ॅबर्डीनमध्ये जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलिट्झ यांनी डुकरांच्या मेंदूतून काढलं. ह्यूज पहाटे सायकलवरून कत्तलखान्यात जायचे आणि तिथल्या कामगारांनी डुकरांची डोकी द्यावीत म्हणून व्हिस्कीची बाटली न्यायचे म्हणतात. दारूचं व्यसन कमी करणाऱ्या गोळीचा इतिहास असा व्हिस्कीवरून जातो, तुम्हाला सांगायचा मोह आवरला नाही. एंडॉर्फिन हा शब्द त्याच सुमाराचा, 'आतलं मॉर्फिन' एवढाच त्याचा अर्थ.

या जागा मुख्यतः तीन तऱ्हेच्या, म्यू, डेल्टा आणि कॅपा. म्यू आणि कॅपा एवढे दोनच आज तुमच्या कामाचे. मेंदूच्या खोल भागात न्यूक्लिअस अकम्बन्स नावाची गाठ आहे, उंदराच्या त्या गाठीत जेमतेम एक घन मिलिमीटरचा एक ठिपका आहे, तिथे म्यूला जागं करणारं औषध सोडलं की साखरेवरच्या मिटक्या वाढतात. आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट पुढची आहे, त्या ठिपक्याच्या बाहेर, पण त्याच गाठीत, तेच औषध सोडलं तर उंदीर बकाबका जास्त खातो पण मिटक्या काही वाढत नाहीत. रसायन एकच, पण इथे पडलं तर चव वाढवतं आणि जरा सरकून पडलं तर नुसती चटक. त्यामुळे "एंडॉर्फिन म्हणजे आनंद" असं कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं की मी मनातल्या मनात मार्क कापते.

म्यूचं आणखी एक ठाणं मधल्या मेंदूत आहे, डोपामिनच्या पेशी राहतात तिथे. त्या पेशींवर वॉचमन बसवलेले असतात, त्यांना उगाच उधळू देत नाहीत. म्यू रिसेप्टर असतात ते या वॉचमनवर. एंडॉर्फिन येऊन तिथे बसलं की वॉचमनला डुलकी लागते, गेट उघडं, डोपामिन बाहेर. म्हणजे चवीने चटकेला दार उघडून दिलं. दारू हेच करते. 2012 मध्ये कॅलिफोर्नियातल्या टीमने स्कॅनमध्ये पाहिलं की माणूस दारू प्यायला की मेंदूत, त्या अकम्बन्समध्येसुद्धा, एंडॉर्फिन सुटतं. पहिल्या वर्षांत तुम्हाला दोन्ही मिळालं असणार, चव पण आणि चटक पण. शेवटच्या पाच-सहा वर्षांचं आठवून बघा, खरंच हाफ आवडत होती का हो? की साडेसात वाजले, सुटी झाली की बाइक आपोआप वाइनशॉपकडे वळायची, पहिला पेग नाक दाबल्यासारखा जायचा, चकणा कुठला आहे याकडेही लक्ष नसायचं? बहुतेक पिणारे मला असंच लिहितात.

आता गोळी. एसटी स्टँडवर लागली की लोक खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात ना, तसं नॅल्ट्रेक्सोन आहे. रुमाल जागा अडवतो, स्वतः प्रवास करत नाही. दारूमुळे सुटलेलं एंडॉर्फिन बसायला आलं की बघतं तर सीट धरलेली, वॉचमन टक्क जागा, आणि तुम्ही अर्धा ग्लास ठेवून उठता. ते उठणं हाच त्या गोळीचा रिझल्ट होता, तुम्ही त्याला दोन ओळी दिल्या आणि पुरणपोळीला चार, ते मला समजतंय तरी पण. (ट्रामाडॉलच्या वेळी सीटवर कुणीतरी आधीच बसलेलं असतं आणि हा रुमाल त्याला कॉलर धरून उठवतो, म्हणून तो गोंधळ.) दारूसाठी हे औषध अमेरिकेत 1994 पासून मान्य आहे, नवीन प्रयोग वगैरे काही नाही. आणि ज्या गोळीवर प्यायलं की भडाभडा उलट्या होतात, तोंड लाल होतं, ती डायसल्फिराम, ती वेगळी, तुमचा मित्र बहुतेक दोन्हींची खिचडी करतोय.

मग मित्र पूर्ण चुकीचा आहे का? नाही, थोडासा बरोबर आहे म्हणून तर ते पटतं. मिटक्या जर म्यूच्या जोरावर असतील आणि गोळी म्यू अडवत असेल तर पुरणपोळीलाही फटका बसायला हवा, हा विचार चूक नाही. अशा गोळ्या घेतलेल्यांना गोड खाणं जरा कमी आवडल्याचं काही प्रयोगांत दिसलंय. गाण्याबद्दलही आहे. अव्राम गोल्डस्टीन नावाच्या शास्त्रज्ञाने 1980 मध्ये याच जातीचं औषध देऊन लोकांना त्यांची आवडती गाणी ऐकवली, काहीजणांच्या अंगावरचे शहारे कमी झाले, बाकीच्यांना काहीच फरक नाही. पुढे 2017 मध्ये कॅनडात नॅल्ट्रेक्सोन देऊन पाहिलं तर गाण्याची गोडी थोडी पुसट झाली. पुसट होणं वेगळं आणि दादा, कागद चावल्यासारखं होणं वेगळं. जे लोक महिनोन् महिने नॅल्ट्रेक्सोनचं इंजेक्शन घेत होते त्यांना विचारलं तेव्हा खाणं, गाणी, व्यायाम, शरीरसंबंध यातली मजा त्यांनी दारूपेक्षा बरीच वर लावली. तो अभ्यास लहान होता, तुलनेला दुसरा गट नव्हता, त्यामुळे त्यावर मी घर बांधणार नाही, पण स्विच बंद झालेली माणसं असं बोलत नाहीत.

आणि मुख्य पुरावा तर तुम्हीच पाठवलाय. बारा दिवस गोळी थुंकताय आणि चव आलेली नाही! रुमाल चिवट असतो, एका 50 च्या गोळीनंतर दोन दिवसांनीही बहुतेक जागा अडलेल्या असतात, तीन-चार दिवसांत तुम्ही हे लिहिलं असतं तर मी म्हटलं असतं थांबा. पण बारा दिवसांत त्या बऱ्याचशा मोकळ्या व्हायला हव्यात. (थुंकताना थोडी पोटात गेली असेल तर मात्र हा हिशेब जरा बिघडतो, ते कबूल.) जागा मोकळ्या, तरी बसायला कुणी येत नाही, असं दिसतंय. माझा संशय गोळीवर कमी आणि पंधरा वर्षांवर जास्त आहे.

इथे तो दुसरा, कॅपा, येतो. त्याच्यावर डायनॉर्फिन नावाचं आतलंच रसायन बसतं, तेही गोल्डस्टीन यांच्याच टीमने शोधलेलं, 1979 मध्ये. म्यू दार उघडतो तर कॅपा डोपामिनचा नळ आवळतो. त्रास झाला, ताण आला की डायनॉर्फिन वाढतं, आणि मन उदास, उबगलेलं होतं. वर्षानुवर्षं रोज संध्याकाळी मेंदूला बाहेरून उधळायला लावलं की तो वैतागून हा नळ आवळत जातो, म्यूचा आवाज बारीक करतो, असं प्राण्यांवरच्या कामात पुन्हा पुन्हा दिसलंय. पिणं बंद होतं त्या दिवशी हा आवळलेला नळ लगेच सैल होत नाही. हात थरथरणं आठवड्यात जातं, बेचवपणा मात्र कित्येक महिने रेंगाळतो. तुमची होळी बरोबर त्या काळात पडली. दारू सोडलेली कितीतरी माणसं, एकही गोळी न घेतलेली, हेच शब्द वापरतात, सगळं सपक, फिकं, मीठ नसल्यासारखं. आणि यातच लोक परत पितात. मजा हवी म्हणून नाही, सपकपणा सहन होत नाही म्हणून.

अजून दोन-तीन शंका आहेत, त्यांची उत्तरं तुम्हालाच माहीत. नॅल्ट्रेक्सोनचा सगळ्यात कॉमन त्रास मळमळ आहे, पोटात ढवळत असताना पुरणपोळी कुणालाच गोड लागत नाही, सकाळी उपाशीपोटी नुसत्या चहाबरोबर घेत होतात, ती नाश्त्यानंतर घेऊन चालेल का विचारा. दुसरं, दारू सुटली की तंबाखू किंवा मावा दुप्पट होतो असं फार बघितलंय, तसं झालंय का? चुन्याने भाजलेल्या जिभेला कसली चव लागणार. आणि तिसरं, झोप, भूक, कामात लक्ष, जगण्यात रस, सगळंच खाली गेलं असेल तर ते डिप्रेशनही असू शकतं, त्याचे उपचार वेगळे असतात आणि ते सायकियाट्रिस्टला स्पष्ट सांगावं लागतं. जगूच नये असं कधी मनात आलं तर थांबू नका, टेली मानसचा 14416 चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलतात. व्यसनासाठी 14446 आहे.

तर गोळी सोडू का? माझं मत, नाही, निदान अशी बेसिनमध्ये तरी नाही. कारण तुमच्या अंगात आता रुमाल नाही आणि तुमच्या मित्रांना, बायकोला, खुद्द तुमच्या पायांना ते माहीत नाही. येत्या शनिवारी "चल रे, तुला तसंही चढत नाही" म्हणून कुणी बसवलं तर या वेळी चढेल, मस्त चढेल, आणि चार महिन्यांच्या सपकपणानंतर ती किक मेंदूला दिवाळीसारखी वाटेल. मला त्याची भीती वाटते, पुरणपोळीची नाही. त्यामुळे कंबरेची गोळी आणि हे बारा दिवस, दोन्ही डॉक्टरला खरं सांगा. डोस बदलायचा, वेळ बदलायची, अ‍ॅकॅम्प्रोसेटसारखं दुसरं औषध बघायचं (ते या ओपिऑइडच्या भानगडीत पडतच नाही), की नॅल्ट्रेक्सोन रोजच्याऐवजी फक्त पिण्याचा धोका असेल त्या दिवशी घ्यायची, असे बरेच रस्ते आहेत. रोज न घेता पिण्याच्या तासभर आधी घेण्याची पद्धत फिनलंडमध्ये डेव्हिड सिंक्लेअर यांनी मांडली, तिचे भक्त इंटरनेटवर पुष्कळ भेटतील, पण ती पिणं चालू असलेल्यांसाठी आहे, तुम्ही तर सोडलीय, म्हणून तिच्यात मला तुमच्यासाठी फार अर्थ दिसत नाही. लिव्हरची टेस्ट राहिली असेल तर तीही याच फेरीत उरका.

भजनाचं एक सांगते. ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबर यांच्या टीमने एकत्र गाणाऱ्या, एका लयीत वल्ही मारणाऱ्या लोकांचं पाहिलं, त्यांची वेदना सोसायची ताकद त्यानंतर वाढलेली असते, आणि एंडॉर्फिन सुटत असावं याची ती खूण धरतात. एकट्याने तेवढीच वल्ही मारली तर तेवढी वाढत नाही. म्हणून टाळ सोडू नका, हात नुसते हलले तरी हलू देत. चव नाही म्हणून जेवण सोडत नाही ना आपण तापात, तसंच. आणि पखवाजवाल्याच्या शेजारी बसा, लांब कोपऱ्यात नको. हे मी शास्त्र म्हणून नाही, आमच्या वाड्यातल्या एकादशीच्या अनुभवावरून म्हणतेय.

खिशात एक चिठ्ठी पण ठेवायची, गोळी परत चालू झाली की, "नॅल्ट्रेक्सोन घेतो" एवढी, मराठीत आणि इंग्रजीत. अपघात झाला तर मॉर्फिन जातीची दुखण्याची इंजेक्शनं नेहमीसारखी लागू पडत नाहीत, डॉक्टरांना आधी कळलं तर ते दुसरा मार्ग काढतात. ठरलेलं ऑपरेशन असेल तर काही दिवस आधी बंद करायला सांगतात. कोडीनवालं खोकल्याचं औषध आणि लोपेरामाइडची जुलाबाची गोळीसुद्धा काम करणार नाही, कारण तीही आतड्यातल्या याच म्यूवर बसते.

राहिली बायको. उद्या ती चहा आणि गोळी घेऊन येईल तेव्हा गोळी हातात घ्या, तोंडात टाकू नका, आणि सांगा की बारा दिवस थुंकतोय, का थुंकत होतो तेही सांगा, पुरणपोळीचं पण. चिडेल, रडेल कदाचित, तिने केलेल्या पोळीला कागद म्हटलंय तुम्ही. तासभर जाऊ द्या आणि डॉक्टरकडे दोघं मिळून जा, तिलाही विचारायचं असेलच काहीतरी. आणि तो स्ट्रिपचा फोटो पाठवला का?

— तुमची ताई